सासूबाईंना सोसतील असे शॉकअप

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि. आम्ही इकडे हातीपायी धड आहोत. तुमच्या बंधुराजांची जीभही आता भरून आली आहे (तिला काय झालं होतं ते पुढे येईलच). तुमची कंबर कशी आहे? यजमानांचा खोकला थांबला का? आणि आईंचा नवा खुबा काय म्हणतोय?

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हींत एकच प्रश्न: आईंना न्यायला कधी येताय? दुसऱ्या पत्रात त्याच्याखाली दोन रेघाही आहेत. तुम्ही लिहिता की आईंना घराची ओढ लागली आहे आणि गाडीला हिसका बसू नये एवढी काळजी घेतली तर त्या निघू शकतात, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. ते डॉक्टर आमच्या रस्त्याने कधी आलेले दिसत नाहीत. खाणीपासून आमच्या दारापर्यंतच्या त्या तीन किलोमीटरना रस्ता म्हणायचं, ते केवळ दुसरा शब्द सापडत नाही म्हणून. मी दवाखान्यातले रक्ताचे नमुने रोज त्याच वाटेने शहरात पोचवते. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेने ते परत पाठवायला सुरुवात केली, वाटेत हिंदकळून रक्तातल्या पेशी फुटतायत म्हणून. नळीतल्या रक्ताचं हे होतं, तर खुब्याचं काय होईल?

म्हणून गाडी गॅरेजला नेली. मेस्त्रींनी पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून ती खाली दाबली आणि सोडली. धड गाडी एकदा वर येऊन गप्प उभी राहते. आमची चार-पाचदा मान डोलावत राहिली (मी ह्यांच्यापुढे डोलावते तशी). निदान झालं: चारही शॉकअप, म्हणजे खड्ड्यात उसळलेल्या स्प्रिंगला आवरून धरणारी ती नळकांडी, तेल गळून कोरडी पडलेली. नवे घालायचे. कुठलंही शहाणं माणूस इथे मेस्त्रींना विचारतं, "कुठले घालू?" पण ह्यांनी घरी येऊन वही काढली.

आता वन्सं, गाडी मी चालवते. ह्यांना येत नाही. तीनदा शिकायला गेले आणि तिन्ही वेळा शिकवणाऱ्याला शिकवून आले. तरी शॉकअप निवडायचे ह्यांनीच, कारण विषय तांत्रिक! वहीत रकाने पाडले: तेलाचे, गॅसचे, मऊ, मध्यम, कडक. मग रस्त्यावरचे खड्डे मोजायला फूटपट्टी घेऊन निघाले. पहिल्या दिवशी सदतिसापर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे खड्डे एकमेकांत मिसळलेले आढळले, तेव्हा हा माणूस रस्त्यावरच चिडला.

त्यात भर म्हणून शेजारचे रॅलीवाले. त्यांनी ऐन तारुण्यात मोटारींच्या शर्यतीत भाग घेतला होता, अशी ख्याती आहे. (त्यांच्या बायकोने मला सांगितलं की भाग घेतला होता तो दोरीच्या अलीकडे, प्रेक्षकांत उभं राहून.) ते आमच्या सोफ्यावर बसून हाताची मूठ वळवून म्हणाले, "खराब रस्ता म्हणजे कडक शॉकअप. गॅसचे. गाडी रस्त्याला चिकटली पाहिजे." त्या रस्त्याला गाडी कशाला चिकटवायची, असं मी विचारलं. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहा आणायला विसरले होते.

दुकानदार त्या दोघांहून बेरकी. त्याने विचारलं, "मऊ देऊ की कडक?" जसं काही गादीच घ्यायची होती. ह्यांनी वही उघडली आणि अर्धा तास सदतीस खड्ड्यांचं वाचन केलं. तेवढ्या वेळात त्याने इतर चार गिऱ्हाइकं वाटेला लावली आणि शेवटी म्हणाला, "साहेब, तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार?" झालं! ह्या वाक्यावर तुमच्या बंधुराजांना फ्रिजसुद्धा विकता आला असता. कडक गॅसचे चार शॉकअप छातीशी धरून घरी आले.

ते बसवल्यावर चाचणी. मागच्या सीटवर आईंच्या जागी हे. पाठीला उशी, मांडीवर उशी, हातात आईंची जुनी काठी, चेहऱ्यावर रुग्णाची कळा. मी म्हटलं, "तोंड मिटून बसा." म्हणाले, "बोलल्याशिवाय निरीक्षणं कशी नोंदवणार?" पहिल्या खड्ड्याला म्हणाले, "भक्कम!" दुसऱ्याला म्हणाले, "अतिशय भक्क—" आणि जीभ दातांखाली आली. पुढचे चार दिवस घरात जी शांतता होती, वन्सं, तशी आमच्या लग्नानंतर प्रथमच लाभली.

मी गाडी तशीच गॅरेजला नेली. मेस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे ओझं वाहणाऱ्या, जोरात पळणाऱ्या गाड्यांना ठीक. तुम्ही आजींना वीसच्या वेगाने आणणार. तेलाचे मऊ घाला, वरची रबरं झिजलीत ती बदला, टायरातली हवा थोडी कमी ठेवा." ह्यांनी खुणेने विचारलं की हे आधी का नाही सांगितलं? "साहेब, तुम्ही विचारलं कुठे?" ह्यांचा खरा अपमान हा, की उत्तर तीन ओळींत संपलं आणि वहीची गरजच पडली नाही. कडक शॉकअप रॅलीवाल्यांनी मोठ्या मनाने स्वतःच्या गाडीला घालून घेतले. आता ते बेडकासारखे उड्या मारत कामाला जातात आणि कसं वाटतं असं विचारलं की डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "पकड आहे!"

नवे मऊ शॉकअप बसले. पुन्हा हेच मागच्या सीटवर, ह्या वेळी भरलेला पेला हातात धरून, तोंड घट्ट मिटून. सबंध वाटेत दोन घोट पाणी सांडलं. घरी पोचताच ह्यांनी वहीत लिहिलं: "माझी निवड यशस्वी."

आईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे.

तुमची,
भावजय

ता. क. शेवटची चाचणी झाली त्याला दहा दिवस झाले. गाडी ठणठणीत आहे.

ता. क. दुसरा. आता खरं लिहिते. गाडी गॅरेजला गेली त्याच दुपारी आईंचा मला फोन आला होता, तुमच्या गॅलरीचं दार लावून घेऊन, हलक्या आवाजात. "अगं, मी इथल्या लांब व्हरांड्यात रोज वीस फेऱ्या मारते. काल वॉकर सोडून चार पावलं टाकली. तिकडे सात पायऱ्या आणि दाराबाहेर नुसती खडी. तुम्ही मला खिडकीशी बसवून ठेवाल." मग वन्संना तसं सांगा, असं मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "लेकीला कसं सांगू? तिला वाटेल, म्हातारी मुक्काम ठोकून बसली. मी तर रोज घरी जायचं, घरी जायचं म्हणते." तेव्हा वन्सं, ती ओढ बेताचीच धरा. त्यांना आणखी महिनाभर ठेवून घ्या, पण त्यांनी मागितलं असं कळू देऊ नका. व्हरांडा तुमचा, तेव्हा आग्रहही तुमचाच दिसू दे.

ता. क. तिसरा. मेस्त्रींना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "तेलाचे मऊ," ते म्हणाले होते. ह्यांना मी सांगितलं नाही. त्या वहीने आईंना पंधरा दिवस मिळवून दिले. जिभेबद्दल मात्र मला खरंच वाईट वाटतं.

ता. क. चौथा. हे पत्र बंधुराजांच्या कानावर घालू नका. कालपासून ते टायर निवडायला बसले आहेत आणि मी त्यांना अडवलेलं नाही.