मोरिवाकीला दिसलेला दात

कुशिरो

प्रिय शिझुए,

मी ठणठणीत आहे. क्रौंच पक्षी रोज शेतात उतरतात, कॅलेंडरचं काम मार्गी लागलंय. थंडीने कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मान टाकतात, म्हणून तू विणलेल्या पट्ट्यात पोटाशी बांधून ठेवतो. आईंचा गुडघा कसा आहे?

आपल्या मिओच्या सातव्या वर्षाच्या सोहळ्याचा फोटो पोचला. मी इकडे अडकलेलो, म्हणून तुम्ही कोपऱ्यावरच्या मोरिवाकीच्या स्टुडिओत गेलात. ठीकच केलंत. उजेड भगभगीत आहे, मागचा पडदा एका बाजूला कललाय. असो, मला काय!

फक्त एक सांग. हसताना तू तोंडावर हात धरतेस. बारा वर्षांत माझ्या एकाही फोटोत तो हात खाली आलेला नाही. आणि मोरिवाकीसमोर तुझा तो वाकडा दात चक्क दिसतोय! असं बोलला तरी काय तो? शब्दन्‌शब्द कळव. मी आपला कॅमेऱ्यामागून ‘हलू नकोस’ एवढंच म्हणतो.

मिओला पापा. तुझ्या पाप्याचं काय ते, उत्तर आल्यावर बघू.

तुझा,
केन्सुके

ता. क. फोटो उशाशी ठेवलाय. मोरिवाकीला यातलं काही सांगू नकोस.