पिवळं झबलं आणि पिसवांचा शाम्पू

प्रिय ठकू,

रागावलीस ना? रागावणारच. परवा तू फोन कट केलास, तेव्हापासून मी लावलेला एकही फोन तू उचलला नाहीस. जावईबापू उचलतात आणि इतकं गोड बोलतात की मलाच ओशाळल्यासारखं होतं. ती झोपलीय, ती आंघोळीला गेलीय, ती जरा खाली उतरलीय. आठवा महिना लागलेली बाई सारखी खाली उतरून करते काय, हे काही मी त्यांना विचारलं नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. आज दुकानाला सुट्टी आहे, तुझे बाबा जेवून आडवे झालेत, आणि पत्राचं एक बरं असतं, ते मधेच कट करता येत नाही. फार तर फाडशील. पण फाडण्याआधी वाचशील, एवढी मी तुला ओळखते.

आधी खरं काय ते सांगून टाकते. वरच्या खोलीचं छत गळत नाही. कधीच गळत नव्हतं. बाळंतपणाला इकडे येऊ नकोस हे तुला कसं सांगावं ते सुचेना, म्हणून तोंडाला आलं ते बोलून गेले. मला थापा मारता येत नाहीत हे तुला लहानपणापासून माहीत आहे, त्यात तू विचारलंस की बाहेर कोरडं ठणठणीत असताना छत कसलं गळतंय, आणि माझी बोबडी वळली. मग तू म्हणालीस, आई, मी नको असेन तर सरळ सांग. अगं, तू नको असशील? खोलीला नवा रंग दिलाय. खिडकीला जाळी बसवलीय. पलंग भिंतीकडे सरकवलाय, कारण उजेड डोळ्यांवर येतो म्हणून तू कायम कुरकुरायचीस. बाबा पाळण्याला पॉलिश करतायत, आणि त्यांचं पॉलिश म्हणजे तुला माहीत आहे, एक हात मारायचा आणि तासभर लांबून बघत बसायचं. एवढं सगळं करून मी तुला येऊ नको म्हणाले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

झालं ते असं. आपण दुकानात कुत्री धुताना पिसवा-गोचिडांसाठी जो औषधी शाम्पू वापरतो ना, तो निळ्या कॅनमधला, त्यातलं कीटकनाशक माणसांना कितपत सुरक्षित आहे हे सरकार पुन्हा तपासतंय. त्याचं नाव एवढं लांबलचक आहे की कुत्र्यांच्या डॉक्टरांनाही ते एका दमात म्हणता येईना. तेच पहिल्यांदा बोलले. वर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, तपासणी म्हणजे काही बंदी नव्हे. ठकू, कोणी घाबरू नका म्हटलं की मी आधी घाबरते. तरी म्हटलं, असेल बाई, सरकार काय, काही ना काही तपासतच असतं.

मग एक दिवस त्या तपासणीवाली बाई दुकानात आली. बाई कसली, तुझ्याएवढीच पोरगी. मी नेमकी नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या ढब्बूला टबात घालून कोपरापर्यंत फेसात. तिनं विचारलं, हातमोजे घालत नाही का? मला हसूच आलं. म्हटलं, रबराच्या बोटांना कानामागची गोचीड लागते का कधी? आमच्या धंद्यात सगळे उघड्या हातांनीच काम करतात, आणि रबर अंगाला लागलं की ढब्बूसारखे तर टब सोडून पळतात. तिनं ते लिहून घेतलं. मग चहा घेताना सांगितलं की आतापर्यंत धोक्याचा हिशेब फक्त दोघांचा झालाय. एक, आपल्या कुत्र्याला अधूनमधून घरी आंघोळ घालणारा मालक. दुसरं, त्या कुत्र्याच्या गळ्यात पडणारं मूल. रोज दिवसभर कुत्री धुणारं माणूस त्या हिशेबात कुणी धरलेलंच नव्हतं, म्हणून आता दुकानंदुकानं फिरायचं. तुझे बाबा म्हणाले, आम्ही हिशेबातच नाही म्हणजे आम्हाला काही व्हायचंही नाही. ती बिचारी हसली. मला काही हसू आलं नाही.

जाताना तिनं विचारलं, कुत्र्यांचे टॉवेल कुठे धुता? मी मोठ्या कौतुकानं आपलं मशीन दाखवलं. सकाळी टॉवेल, ते निघाले की घरचे कपडे, हे आपलं वर्षानुवर्षं चाललेलं. तुझे शाळेचे गणवेशही त्यातच धुतले की. मागे दोरीवर एका बाजूला टॉवेल वाळत होते आणि दुसऱ्या बाजूला बाळाची झबली, दुपटी, टोपडी. नवीन कापड टोचतं म्हणून मी ते सगळं चांगलं तीन-चारदा धुऊन मऊ केलं होतं. त्याच मशीनमध्ये. पोरीचा लिहिता हात थांबला. ती एकदा टॉवेलांकडे, एकदा झबल्यांकडे बघायला लागली, आणि मी माणसांचे चेहरे वाचते. मी दोरीवरचं पिवळं झबलं ओढलं आणि म्हटलं, हे घेऊन जा आणि तपासून सांग. ती म्हणाली, हे आमच्या कामात बसत नाही. मी म्हटलं, बसव. पाठीच लागले तिच्या. शेवटी बिचारीनं ते पिशवीत घातलं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. झबल्यात ते सापडलं. फार थोडं, असं ती दोनदा म्हणाली. मी विचारलं, थोडं म्हणजे तान्ह्या बाळाला चालेल इतकं थोडं का? ती म्हणाली, काकू, किती चालतं तेच तर ठरायचंय, निकाल पुढच्या वर्षी लागेल. घ्या. सरकारचं घोंगडं पुढच्या वर्षापर्यंत भिजत पडणार, आणि तुझं बाळ दोन महिन्यांत येणार. मी कोणावर ओरडू? त्या पोरीवर ओरडून काय उपयोग, ती खरं बोलली. खोटं बोलली असती तर मी सुखानं झोपले असते.

तुझे बाबा म्हणतात, मी उगाच जिवाला घोर लावून घेते. ठकू याच दुकानात वाढली, काय झालं तिला, चांगली धडधाकट आहे. बोलतात असं, पण त्या फोननंतर पाळण्याला हात लावायच्या आधी ते कोपरापर्यंत साबण लावून हात धुतात. मी पाहिलं हे त्यांना कळलं, तर म्हणाले, पॉलिशला तेलकट डाग पडतात. मी बरं म्हटलं. निळे कॅन आम्ही बंद केलेत. आता साधा शाम्पू आणि बारीक फणी, एकेका कुत्र्याला दुप्पट वेळ लागतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. ढब्बूच्या मालकांनी तर आमचं काम बिघडलं म्हणून तोंडावर सांगितलं. बिघडू दे. बाळाचे ते सगळे कपडे मी बांधून बाजूला ठेवलेत. टाकवत नाहीत आणि ठेववतही नाहीत. पण मशीन बदललं, फरशा घासल्या, तरी दुकान खाली आणि तू वर, एकच जिना, त्याच जिन्यानं आमचं दिवसभर येणं-जाणं. या घरात तान्हं बाळ आणायला माझं मन धजत नाही.

एवढंच असतं तर मी फोनवर सांगितलं असतं, ठकू. रडले असते, पण सांगितलं असतं. छताची थाप मारली ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. मागे तू सुट्टीला आली होतीस, बाबांचा खांदा धरला होता, आणि तू बाह्या वर करून रोज दुकानात उभी राहिलीस. सगळी कुत्री तूच धुतलीस, निळ्या कॅननं, उघड्या हातांनी, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, बघा माझी लेक. परत गेलीस आणि आठवड्याभरात तुझी गोड बातमी आली. म्हणजे बाळ तेव्हा तुझ्या पोटात होतं, आपल्याला कुणाला माहीत नव्हतं. परवा मी त्या पोरीला फोन करून हे विचारलं. ती म्हणाली, बहुतेक काही झालं नसेल, पण मुलीच्या डॉक्टरांना हे माहीत असायला हवं, आजच्या आज कळवा. आजच्या आज म्हणाली, आणि मी तुला छत गळतंय म्हणून सांगितलं. माझ्या तोंडून ते फुटेना गं. आता लिहिलंय. हे वाचलंस की तशीच ऊठ, जावईबापूंना बरोबर घे आणि डॉक्टरांना सगळं सांग, शाम्पूचं नाव पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय. मग मला फोन कर. ओरड, भांड, पण कर. मी बॅग भरून ठेवलीय, तू ये म्हणालीस की निघेन, तिकडे नवे कपडे घेईन. आणि डॉक्टरांना एवढं विचार, वर्षानुवर्षं त्या शाम्पूत बुडालेल्या या हातांनी मी बाळाला घेतलं तर चालेल का. नाही म्हणाल्या, तर मी तुझं सगळं करीन आणि त्याला लांबूनच बघेन.

तुझीच,
आई