खिशातला फ्यूज

रविवार, १४ मार्च १९९९. धुळे.

आबा, सकाळच्या बसनं जळगावला गेलो, दुपारी परत आलो. छापखान्यांची अक्षरजुळणी मी घरीच कॉम्प्युटरवर करतो. ते सगळं काम एका जागी साठवायला चार हार्ड डिस्कचं एक यंत्र स्वतःच जोडतोय. डिस्क ज्या पाटीत खोचतात तिला बॅकप्लेन म्हणतात. तुमच्या स्विचबोर्डासारखीच, वायरी सगळ्या मागं. तीच निवडायला गेलो होतो.

दुकानदारानं दोन पाट्या पुढं ठेवल्या. साधीतली डिस्क बदलायची तर यंत्र बंद करावं लागतं. दुसरीतली चालू यंत्रातून ओढून काढता येते. "साहेब, बंद करायचं कामच नाही. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही," तो हसत म्हणाला. "का? बंद केलं तर काय बिघडतं?" मी इतक्या जोरात म्हणालो की शेजारचा माणूस वळून बघायला लागला. एरवी मी असा बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे.

डाळमिलमध्ये वायरमन असताना बोर्ड उघडण्याआधी तुम्ही मेनचे तिन्ही फ्यूज काढून शर्टाच्या खिशात घालायचे, म्हणजे दुसरं कुणी ते चुकून परत बसवणार नाही. घरीही तेच. तुम्ही पंखा उतरवत असताना मी एकदा काढलेला फ्यूज स्टुलावर ठेवला. तुम्ही विचारता, "फ्यूज कोठे शे?" मी बोट दाखवतो आणि पाठीत धपाटा बसतो. "जीव मन्हा शे ना? मंग फ्यूज बी मन्हाच खिसामा ऱ्हाई." माय चुलीपुढून म्हणते, "आन् तो फाटका खिसा कोन शिवस?"

मग शॉक लागून तुम्ही गेलात त्या दिवशी फ्यूज बोर्डातच का होते? शेठ म्हणाले होते, "आबा, हंगाम आहे, मिल थांबवू नका. तुमचा हात काय नवा आहे?" तिथल्या हमालानं मला सांगितलं. आणि तुम्ही ऐकलंत! मला धपाटा घालणारे तुम्ही, शेठला एक शब्द बोलला नाहीत. सोळा वर्षं झाली, हा राग जात नाही.

आज आणखी चिडलो. त्या दुसऱ्या पाटीत अर्थिंगच्या पिना मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात. डिस्क आत सरकताना आधी अर्थिंग जुळतं, मग वीज. एका पत्र्याच्या डबीला इजा होऊ नये म्हणून कुणीतरी बसून एवढा विचार केला. तुमच्यासाठी कुणी केला? फक्त मिल थांबवायची होती. वर मायच्या अंगठ्यासाठी मिलचा कागद आला, 'कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' निष्काळजी! तुम्ही!

मी साधी पाटी घेतली. डिस्क बदलायची वेळ येईल तेव्हा काम थांबेल. छापखानेवाले ओरडतील. ओरडू देत.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. तो कागद मायला मीच वाचून दाखवला, निष्काळजीपणाचे तेवढे शब्द गाळून. तिचा अंगठा घेतला आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली. हमालाचं बोलणं तेव्हा मला ठाऊक होतं.

हे पत्र त्याच कागदाशेजारी ट्रंकेत ठेवतो. घरात कुणी नाही. तरी आता उठतो, मेनचा फ्यूज काढून खिशात घालतो, आणि डोक्यावरचा पंखा पुरता थांबला की पाटी बसवायला घेतो.