रंगाचं दुकान, विमानाचे पॉइंट आणि इतर मिळकतीबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा रंगविक्री, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने माझ्या मिळकतीची ही व्यवस्था लिहून ठेवते. नशापाणी केलेलं नाही. दुकानात दिवसभर थिनरचा वास असतो, पण तो मला चढायचा कधीच बंद झाला. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी मला तपासून डोकं शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. ते दातांचे डॉक्टर आहेत हे मला माहीत आहे, पण दात डोक्यातच असतात.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात "सगळं विकून टाकीन, कोणाला काही ठेवणार नाही" असं अनेकदा म्हटलं, ते मृत्युपत्र समजू नये. माणसांची नावं वकीलबाईंनी शेवटच्या पानावर नोंदवून घेतली आहेत. मजकुरात मी त्यांना जशी हाक मारते तशीच मारणार.

कलम १. दुकान, त्यातला माल, रंग मिसळायचं यंत्र, शिड्या आणि गल्ल्यासमोरचं उंच स्टूल माझ्या मुलीला द्यावं. स्टूल डुगडुगतं. ते दुरुस्त करू नये. घासाघीस करायला आलेलं गिऱ्हाईक त्यावर बसवलं की लवकर उठतं.

माझे यजमान गेले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात धाकटे भाऊजी एक खरेदीदार आणि मोजायची टेप घेऊन दुकानात हजर झाले. "वहिनी, डब्यांचं वजन बाईमाणसाला पेलायचं नाही. चांगला भाव येतोय तोवर मोकळ्या व्हा." मी म्हटलं, "भाऊजी, टेपचं एक टोक धरता का जरा?" त्यांनी धरलं. त्यांच्याच टेपने मी मागच्या खोलीतल्या नव्या मांडणीची मापं घेतली आणि खरेदीदाराला दोन डबे डिस्टेंपर विकलं. ती मांडणी अजून उभी आहे. तीही मुलीचीच.

कलम २. वरचं घर फक्त मुलीच्या नावे करावं. जावईबापूंनी तिथे राहावं, पण तिला विचारून.

कलम ३. भाऊजींना मागच्या खोलीत डाव्या हाताला ठेवलेले, मिसळताना चुकलेल्या रंगांचे सगळे डबे द्यावेत. एकही रंग दुसऱ्याशी जुळत नाही. मला धंद्यातलं काही कळत नाही असं ते सगळ्या नात्यात सांगत फिरले, त्याचा हा पुरावा त्यांच्या घराच्या भिंतीवर कायमचा राहील. ब्रश त्यांनी आपला आणावा.

कलम ४. बँकेतल्या ठेवींपैकी निम्म्या मुलीला, निम्म्या माझ्या थोरल्या बहिणीला. ताई ऐन तिशीत समुद्रापार गेली आणि तिकडचीच झाली. तिला निम्म्या का, ते खालच्या कलमात येईल.

कलम ५. पॉइंट.

वकीलबाई म्हणतात, हे कलम कायद्याला धरून नाही. क्रेडिट कार्डाचे पॉइंट वारसाहक्काने जात नाहीत. माणूस गेलं की खातं बंद आणि पॉइंट हवेत विरले. मी म्हटलं, तरी लिहा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी उलाढाल यातच झाली आहे.

दुकानाचा माल मी कार्डावर घेत असे. खर्च केला की बँक पॉइंट देते हे मला ठाऊक होतं, आणि त्यातून मी एकदा टोस्टर मागवला होता. टोस्टर पाहून जावईबापू खुर्चीत बसले ते उठेचनात. "आई, हे काय केलंत! एवढ्या पॉइंटांत तुम्ही समुद्रापार मावशींकडे जायच्या अर्ध्या वाटेपर्यंत उडाला असतात!"

त्या दिवसापासून ते माझे गुरू झाले. जेवताना, डबे उतरवताना, मी दात घासत असताना ते शिकवत. बँकेचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात पाठवायचे, तिथे त्यांचे मैल होतात आणि मैलांवर तिकीट मिळतं. पण एकदा पाठवले की परत येत नाहीत. हे मला लगेच पटलं. पांढऱ्या रंगात निळा पडला की तो पुन्हा पांढरा होत नाही. म्हणून, ते म्हणत, बोनसची वाट पाहायची. अधूनमधून कंपन्या जाहीर करतात की या महिन्यात पाठवलेत तर शंभराचे एकशे तीस धरू. "घाई करायची नाही, आई. घाई करणारा माणूस टोस्टर घेतो."

जावईबापूंचे स्वतःचे पॉइंट माझ्याहून कितीतरी जास्त होते. पुढच्या वर्गात, झोपायच्या सीटवर, जगाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा त्यांचा बेत लग्नापासूनचा. कोणत्या विमानात कोणती सीट रुंद, कुठल्या विमानतळावर आराम करायला कुठलं दालन चांगलं, सगळं तोंडपाठ. आणि गडी आजवर एकदाही विमानात बसलेला नाही! बोनस आला की म्हणत, पुढचा मोठा असेल. एकदा कंपनीने एका रात्रीत सगळी तिकिटं महाग केली, तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नाहीत. तरी पाठवले नाहीत.

अशात ताईचा फोन आला. तिच्या डोळ्यांचा पडदा खराब होत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही महिने दिसेल, फार तर. ताई रडली वगैरे नाही. म्हणाली, "छोटे, ये एकदा. तू किती म्हातारी झालीस ते मला बघून घेऊ दे. नंतर तू काहीही सांगशील आणि मला मानावं लागेल."

विकतच्या तिकिटाचा भाव ऐकून मी फोन ठेवला. जावईबापूंनी मात्र शोध लावला. मैलांवर झोपायची एक सीट मिळत होती, पुढच्याच आठवड्यातली. एकच.

"पण आई, पंधरा दिवस थांबा. महिनाअखेरीस बोनस नक्की येतोय."

"आणि सीट?"

"सीटा परत सुटतात."

"आणि ताईचे डोळे?"

ते लॅपटॉपसमोरून उठले. "अंघोळ करून येतो, मग शांतपणे बघू," म्हणाले आणि आत गेले. लॅपटॉप उघडाच होता. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. तिने खुर्ची मागे ओढून मला जागा करून दिली. होते नव्हते तेवढ्या पॉइंटांचा आकडा मी रकान्यात टाकला. यंत्राने विचारलं, तुमची खात्री आहे का? खुद्द माझ्या यजमानांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी 'हो' दाबलं.

बँकेतून पॉइंट गेले. विमान कंपनीकडे पोचले नाहीत.

जावईबापू टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते ते तसेच राहिले. दुसऱ्या दिवशीही पॉइंट ना इकडे ना तिकडे. विमान कंपनीच्या बाईंनी फोनवर सीट तेवढी धरून ठेवली होती, तीही उद्यापर्यंतच. शेवटी मी पुन्हा फोन लावला. खूप वेळ संगीत ऐकवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "मॅडम, बँकेतलं नाव आणि आमच्याकडचं नाव जुळत नाही. आपलं नाव श्रीमती आहे का?"

मी म्हटलं, "लग्नानंतर झालं."

"नाही, म्हणजे आमच्या खात्यात आपलं पहिलं नाव श्रीमती असं आहे."

ते खातं जावईबापूंनी उघडून दिलेलं. मुलगी त्यांच्याकडे वळली. "नावाच्या रकान्यात तुम्ही श्रीमती लिहिलंत?"

"आईंचं नुसतंच नाव कसं लिहिणार?" ते हळूच म्हणाले. "बरं नाही दिसत."

एवढा मान मला उभ्या जन्मात कोणी दिला नव्हता, आणि तो नेमका तिथे दिला! दातांच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला तोंड उघडं ठेवून बसवलं आणि माझं ओळखपत्र स्कॅन करून पाठवलं. संध्याकाळी मैल जमा झाले. नाव सुधारलं, पण विमानातल्या यादीत नाही. हवाईसुंदरी सगळा प्रवास मला "मिसेस श्रीमती" म्हणत होती. सीटचा पलंग झाला, अंगात घालायला राखाडी रंगाचा रात्रीचा पोशाख मिळाला, आणि मी डोळ्याला डोळा लावला नाही. झोपायला मला घरी फुकट मिळतं.

ताईने दारातच माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे फिरवलं. बराच वेळ बघितलं. "चांगलीच म्हातारी झालीस की," म्हणाली. "मला वाटलं मीच." मग आम्ही दोघी रडलो आणि रडून झाल्यावर भांडलो, कारण तिने चहा फार पातळ केला.

मी दुकानातलं रंगांचं कार्ड बरोबर नेलं होतं, पंख्यासारखं उघडतं ते. एका दुपारी खिडकीत बसून मी एकेक पट्टी तिच्या डोळ्यासमोर धरली. निळे गेले होते. हिरवे करडे दिसत होते. लाल तिला तपकिरी वाटत होता. पिवळ्यावर मात्र ती थांबली. "हा आहे अजून. हा अगदी ओरडतोय."

तिच्या घराच्या भिंती गडद राखाडी. मी तिथल्या दुकानातून तोच पिवळा आणला आणि घरातल्या प्रत्येक दाराची चौकट, जिन्याची कड, न्हाणीघराची खुंटी रंगवली. ताई मागून सांगत होती, "इथे ओघळ आलाय." दिसत नव्हता तिला, पण थोरली बहीण ती थोरली बहीण. आज तिला माणसांचे चेहरे दिसत नाहीत, दारं दिसतात. फोनवर म्हणते, "छोटे, तू दिसत नाहीस, पण कुठून बाहेर पडायचं ते दिसतं."

परत आल्यावर जावईबापूंनी हिशेब मांडून दाखवला की बोनसशिवाय पाठवल्यामुळे मी केवढं गमावलं. मी त्यांना चहा दिला. दाट.

तेव्हा या कलमाचा मथितार्थ असा: वारसांनी माझ्या खात्यात पॉइंट शोधू नयेत. जे साठतील ते मी जिवंतपणी उडवणार आहे.

कलम ६. विमानातला राखाडी पोशाख वकीलबाईंना. त्यांनी तो दोनदा हात लावून पाहिला आहे.

कलम ७. जावईबापूंना टोस्टर. दुसरं काही नाही. त्यांनी रोज सकाळी त्यात ब्रेड घालावा आणि थांबावं. थांबायची त्यांना हौस आहे.

कलम ८. हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम वकीलबाईंनी पाहावं. भाऊजींनी आव्हान दिल्यास त्यांना उंच स्टुलावर बसवावं.

पुरवणी. वरचा मजकूर टंकून झाला, साक्षीदार येऊन बसले, आणि मी सही करायला पेन उघडलं तोच जावईबापू दुकानात आले. ऑफिसच्या वेळात. घाम आलेला. मला वाटलं, कलम सात त्यांना कळलं.

"आई, पाठवले."

"काय पाठवलं?"

"पॉइंट. सगळे." त्यांनी समोरच्या डब्यावर बसकण मारली. "बोनस नव्हता. परवा मावशींचा फोन मी घेतला, तुम्ही गिऱ्हाइकात होतात. म्हणाल्या, तिला सांग, आता बघण्यासारखं काही उरलं नाही, पण दुकानाचा वास एकदा घ्यायचाय. त्या एकट्या कशा येणार? म्हणून मी जातोय आणायला. येताना दोघांना शेजारशेजारची, झोपायची सीट मिळाली. जाताना मी मागे बसतो. तिथे गुडघे अडतात, पण चालेल."

समोरच्या दुकानातले शिंपीकाका साक्षीला आले होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. मी विचारलं, "तिकिटावर नाव काय लिहिलंत ताईचं?"

"नुसतं नाव. दोनदा तपासलं." मग त्यांनी आवाज खाली केला. "आई, एक विचारू? विमान वर चढताना कान दुखतात का हो?"

मी म्हटलं, "थोडे. जांभई द्यायची." आणि वकीलबाईंकडून रेघ मारायची पट्टी मागून घेतली.

सबब कलम ७ आडवी रेघ मारून रद्द केलं आहे. कलम २ मध्ये मुलीच्या नावाशेजारी जावईबापूंचं नाव घातलं आहे आणि "तिला विचारून" हे शब्द मुलीच्या आग्रहावरून तसेच ठेवले आहेत. दोन्ही ठिकाणी माझी आद्याक्षरं आहेत. खाडाखोड माझीच आहे, आणि ती करताना मी शुद्धीत होते. डोळे पुसत होते, ते थिनरमुळे.

मजकूर वाचून घेतला, समजला, मान्य आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली, मांडणीशेजारी
तारीख: १२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

लिहून देणार: (सही) रंगवाल्या काकू

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील बाईंनी सही केली आणि ज्यांनी त्यांच्यासमोर सही केली:

१. (सही) दातांचे डॉक्टर, शेजारचा दवाखाना
२. (सही) शिंपीकाका, समोरचं दुकान. शाई पसरली आहे, सही माझीच आहे.