केंद्र नदीपलीकडे झालं

आप्पा, जिल्हा परिषदेतल्या त्या मतदानाबद्दल तुमच्याशी कधी नीट बोलणंच झालं नाही. आता तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि मी हायडेलबर्गच्या घरात बसून लिहितेय.

आत्याला नदीपलीकडच्या पाड्यावर दिलं होतं. बाळंतपणात ती अडली आणि तालुक्याला नेता नेता बैलगाडीतच गेली. पुढे तुम्ही सदस्य झालात आणि आपल्या भागाला एकच आरोग्य केंद्र मंजूर झालं. तुमचे नेते ओसरीवर बसलेत, अजून दिसतात मला. "पलीकडे मतं किती, सांगा? तुमच्याच गावाला देतोय. फक्त हात वर करायचा." तुम्ही चहाला शिवला नाहीत. "साहेब, इथून दवाखाना जवळ आहे. तिकडं बायका वाटेत मरतात." सभेत तुम्ही विरोधकांच्या बाजूने मत दिलंत. केंद्र पलीकडे झालं. तुमचं तिकीट कापलं गेलं, गाव आपल्याशी बोलेनासं झालं, दुकानदार आईला सगळ्यांच्या शेवटी सामान देऊ लागला. पण पलीकडच्या बायका बाळ घेऊन स्वतःच्या पायांनी घरी जाऊ लागल्या.

मी इथे गरीब देशांतल्या बाळंतिणींच्या मृत्यूंवर संशोधन करते. आमच्या अहवालात एक वाक्य आहे: एका देशात सत्ता बदलल्यावर विरोधकांच्या भागातली प्रसूती केंद्रं बंद झाली आणि तिथे जास्त बायका दगावल्या. आज सकाळी आमच्या प्रमुखबाईंनी मला बोलावून दार लावून घेतलं.

"हे बघ, तिथलं सरकार आपल्याला पुन्हा पाऊल ठेवू देणार नाही. 'विरोधकांच्या' एवढा एकच शब्द काढू. आकडे तसेच राहतील."

"मग त्या का मेल्या, हे कुणाला कळणार?"

"तुझा नोकरीचा करार याच प्रकल्पावर आहे, लक्षात आहे ना?"

"आहे. शब्द काढायचा तर माझं नावही काढा."

अहवाल लिहिणाऱ्या बाकीच्या दोघांनीही तेच सांगितलं, तेव्हा कुठे शब्द राहिला. माझा करार मात्र वाढणार नाही, असं दुपारी कळलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? जेवताना नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" लेक मध्येच जर्मनमध्ये शाळेतलं काही सांगू लागली. "नेहमीचंच," म्हणाले मी. प्रमुखबाईंसमोर बोलले, आप्पा, पण या दोघांना सांगायची हिंमत अजून होत नाहीये.