बायकांच्या मागून शंभर पावलं

४ डिसेंबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर वाढलीय, रोज चाला. चालणं म्हाताऱ्यांचं. मी अठ्ठेचाळीसचा. मी धावणार. मार्चमध्ये नवरोजच्या सणाची शर्यत, दहा किलोमीटर, पहिल्या विसांत. ठरलं म्हणजे ठरलं.
विटांच्या कारखान्यातून सुटेपर्यंत काराकोलमध्ये मिट्ट काळोख होतो. हरकत नाही. बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. काळोखानेच मला घाबरावं.

५ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०
बायकोने, गुलझादाने, माझ्यासाठी केशरी जाकीट आणलंय, चमकत्या पट्ट्यांचं. वर कपाळाला बांधायची बॅटरी. शी! कचरागाडीवरचा माणूस वाटेन. कारखान्यात हे जाकीट न घालणाऱ्याला मीच दंड करतो, ते वेगळं. ते कामगार.
काळा ट्रॅकसूट घातला. काळ्यात पोट कमी दिसतं.
धावलो : बेकरीपर्यंत. चारशे मीटर. परतताना चालत, भट्टीतले मटणाचे दोन सामसे खात. ताकद नको?

९ डिसेंबर
अख्खं गाव कोळसा जाळतं आणि धूर माझ्या छातीत सोडतं. थुंकलो तर काळं. किळस आली.
त्यात एका गाडीवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि काच खाली करून ओरडला, ओ आजोबा, मरायचंच असेल तर दिवसा मरा, निदान दिसाल तरी!
आजोबा! नंबर टिपणार होतो. अंधारात दिसला नाही.

१३ डिसेंबर
बर्फावर आडवा झालो. कुत्र्यांनी पिवळ्या केलेल्या बर्फावर. तोंडघशी. जास्त लिहवत नाही.
बुटांना खिळ्यांचे पट्टे लावा, असं गुलझादाने आधीच सांगितलं होतं, हे तिने आज चार वेळा सांगितलं. आठवडाभर सुट्टी. गुडघ्याची, माझी नव्हे.

२० डिसेंबर
आता गुलझादाही धावते! झुहराबाईंच्या टोळीत. झुहराबाई म्हणजे शाळेतल्या रिटायर्ड पी.टी.च्या बाई. आवाज शिट्टीसारखा, शिवाय गळ्यात शिट्टी. गुलझादा धरून सहा बायका. सगळ्यांना केशरी जाकिटं, कपाळावर दिवे. लग्नाची वरात वाट चुकल्यासारखी दिसते. बघवत नाही.
म्हटलं, एखादा पुरुष नको का सोबत? म्हणाली, तुम्हाला आमच्याबरोबर झेपेल का?
कीव आली तिची.

२७ डिसेंबर
निर्णय. त्यांच्या नकळत मीच राखण करणार. शंभर पावलं मागे, काळ्या कपड्यांत, झाडांच्या आडोशाने. बॅटरी नाही. राखणदार दिसला तर ती राखण कसली? उपकार बोलून दाखवायचे नसतात. माझा सरावही होईल.

४ जानेवारी
पाचवी राखण. बायका हल्ली सारख्या मागे वळून बघतात आणि वेग वाढवतात. माझ्यामुळे त्यांची प्रगती होतेय. माझं मात्र फुफ्फुस बाहेर यायचं बाकी आहे.

८ जानेवारी
गुलझादा रडत घरी आली. कुणीतरी नराधम त्यांच्या मागे लागलाय! साठीचा, ठेंगू, पोट सुटलेला, फुटक्या भात्यासारखा धापा टाकतो म्हणे. थू! त्या वयात, त्या पोटानिशी, बायकांच्या मागे!
मी रोज तिथेच असतो. मला एकदाही दिसला नाही. चलाख दिसतो. बहुतेक माझ्याही मागे असावा.
उद्यापासून अंतर पन्नास पावलं.

११ जानेवारी
टोळीतली सर्वांत धाकटी, बुरुल, येईनाशी झाली. नवऱ्याने मनाई केली. गुलझादाही सोडीन म्हणते. ते मी होऊ देणार नाही. धावायला लागल्यापासून तिचं डोकं दुखणं थांबलंय, स्वयंपाक करताना गुणगुणते. म्हटलं, एका हलकटापायी घरात बसतेस? तू जा, तुला काही होणार नाही.
कसं ते सांगितलं नाही.

१५ जानेवारी, रात्री ८
सापडला.
नदीकडच्या वळणावर पाचही जणींचे दिवे एकदम विझले. मला वाटलं, झाला घात. जिवाच्या आकांताने धावलो. आयुष्यात इतका जोरात धावलो नव्हतो. मग पाच दिवे एकदम डोळ्यांत, शिट्टी, आणि कुणीतरी तोंडावर तिखटाचा फवारा मारला. रस्त्याकडेच्या पाटात पडलो. वर बर्फ, खाली गटाराचं पाणी, ते नाकातोंडात. झुहराबाई पाठीवर बसल्या. म्हणाल्या, हललास तर मान मोडीन, बोकडा!
मग गुलझादाचा आवाज. बाई, उठा. हे... आमच्या घरचे आहेत.
झुहराबाईंनी दिवा तोंडाजवळ आणला. म्हणाल्या, कुबातबेक? तू?
कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ जानेवारी
डोळे सुजलेत. अंगाचा वास जात नाही, दोनदा आंघोळ केली.
गुलझादाला सगळं समजावून सांगितलं. राखण. अंतर. हेतू. ती ऐकत होती. मग म्हणाली, मी रात्री तीन-तीनदा उठून कडी बघायची. तो घरापर्यंत आला तर, म्हणून. तुम्ही शेजारी घोरत असायचात.
म्हटलं, पण आता तर कळलं ना, घाबरण्यासारखं कुणी नव्हतं.
म्हणाली, आम्ही घाबरलो होतो ना पण.


२२ जानेवारी
बुरुल परत आली. सहाही जणी निघाल्या. बाहेर उणे चौदा.
त्यांचा नियम आहे म्हणे, निघण्याआधी घरी रस्ता सांगून जायचं, किती वाजता परत येणार तेही. मी ओट्याजवळ उभा होतो. विचारलं, आज कुठून जाणार?
तिने बुटांच्या नाड्या बांधल्या. बाहेर पडली आणि कुंपणावरून शेजारच्या काकूंना सांगितलं, हळू आवाजात.
मला ऐकू आलं नाही.