सोडलेलं फडकं

आबा,

तुझी मालिका परत लागली आहे. रोज दुपारी, दोन भाग पाठोपाठ. आई जेवणं उरकली की खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढते, कारण एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय आणि दुसऱ्याचा काढायला ती तयार नाही. मी कॉलेजात शिकवून लवकर आले तर तिच्या मागे उभी राहते. बसत नाही. बसलं की शेवटपर्यंत पाहावं लागतं. एव्हरशाईन कॉलनीतल्या या घरात आम्ही तू गेल्यावर आलो, म्हणून ही खोली तुला ठाऊक नाही. काल दुपारी इथे जे झालं ते तुला सांगायचं आहे. पण ते एकदम सांगता येत नाही. आधी बाकीचं आठवावं लागेल.

मिठागर बंद झालं तेव्हा तू वर्षभर घरी होतास. खाडीकडे तोंड करून ओट्यावर बसायचास, आणि आई तुझ्याभोवतीनं केर काढायची. मग हायवेच्या बाजूला तो सेट उभा राहिला. प्लायवूडचा राजवाडा, मागे लोखंडी सांगाडा, पुढे हत्ती कोरलेले खांब. शेजारच्या काकांनी स्वतःबरोबर तुलाही तिथे कामाला ओढून नेलं. माणसं पाहिजेत, उंची चालते, चेहरा कसाही चालतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चेहरा कसाही चालत होता, कारण तो दिसणारच नव्हता. त्या मालिकेत राजाचं एक गुप्त पथक होतं, अबोल नावाचं. कुठलं राज्य, कुठला काळ, काही खरं नव्हतं. अबोल सैनिक नखशिखान्त काळे, तोंडाला काळं फडकं, फक्त डोळे उघडे. ते कोण आहेत हे त्यांच्या बायकांनाही माहीत नसतं, अशी ती गोष्ट होती.

तू रोज मरायचास. अबोल पथकातली पहिली पायरी म्हणजे मरण्यासाठीच ठेवलेली माणसं. आज मेलास की उद्या तेच फडकं बांधून पुन्हा रांगेत. पहिल्या आठवड्यात आईनं विचारलं होतं, "काल मेलास ना? मंग आज कशाला बोलावलंय?" तू म्हणालास, "काल मेला तो येगला. मी आज नवीन भरती झालो." आणि स्वतःच इतका हसलास की भात नाकात गेला. संध्याकाळी मालिका लागली की आपण तिघं टीव्हीसमोर. पडद्यावर वीस-पंचवीस काळी माणसं तटावरून उतरतात, मी म्हणते, कुठला, कुठला, आणि आई भाकरी थापता थापता मान वळवून सांगते, "तो बघ. डावीकडचा." तिला कसं कळतं हे मला बरेच दिवस कळलं नाही. मिठागराच्या बांधावरून पडून तुझा गुडघा गेला होता. पडताना तू आधी डावा हात टेकायचास, मग अंग सोडायचास. बाकीचे ओंडक्यासारखे कोसळत. तू टेकून मरायचास.

फडक्याला वास यायचा. तेच फडकं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तोंडाला. सेटवरचे कपडे सांभाळणारा ड्रेसदादा ते बाहेर नेऊ देत नसे, पण तू शर्टात खुपसून आणायचास आणि आई धुवायची. दोरीवर माझ्या कॉलेजच्या ओढण्यांशेजारी ते लटकत असे. रंग कच्चा होता. घाम आला की तो तुझ्या मानेवर, कानांच्या मागे उतरायचा आणि साबणानं जायचा नाही. आई तुला मोरीच्या उंबऱ्यावर बसवून खोबरेल तेलाच्या बोळ्यानं कानामागे घासायची. तू तक्रार करायचास, "कातडं काडशील." ती म्हणायची, "गप बस, राजाच्या शिपाया."

मी तेव्हा एम.ए.ला होते आणि प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावायची सवय नवीन होती. एकदा जेवताना मी तुला विचारलं, अबोल पथकात माणूस वर कसा चढतो? तू गंभीर झालास. सुकटीचा घास ताटात ठेवलास. मिठागराबद्दल तू कधी इतकं बोलला नव्हतास. आधी नुसतं फडकं. मग मनगटात तांब्याचं कडं. ज्याला कडं मिळालं तो राजाच्या दाराशी उभा राहतो. "आनि त्याच्यावर?" आईनं विचारलं. त्याच्यावर चेहरा. ज्याला बढती मिळते त्याचं फडकं सोडतात आणि तो पहिल्यांदा सगळ्यांना दिसतो. कुणाला निवडलंय हे त्याला स्वतःला माहीत नसतं. त्याच्या खालचा माणूस मागून येतो आणि गाठ सोडतो. वरचा नाही, खालचाच. "जो बढती मागतो त्याला एक पायरी खाली ढकलतात," तू म्हणालास. "मागितली की मिलत नाय." मी विचारलं, आणि फडकं सोडल्यावर? तू म्हणालास, "मंग ते परत बांदायचं नाय. एकदा सोडलं ते सोडलं. त्यांचा कायदाय तसा."

सेटवरही तोच कायदा होता, फक्त त्याला कुणी कायदा म्हणत नसे. ज्याचा चेहरा एकदा कॅमेऱ्यात बसला तो गर्दीत चालत नाही. प्रेक्षक ओळखतात. फडकं होतं तोवर तुला रोज काम होतं, रोज मरण होतं. चेहरा मिळाला की तीन-चार भाग, एखादं वाक्य, मग खरं मरण, आणि घरी. हे तुला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. माणसं पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरनं तुला बाजूला घेऊन सांगितलं, फाइट मास्तरनं चेहऱ्यासाठी तुमचं नाव घेतलंय, तुम्ही कधी कॅमेऱ्याकडे बघत नाही म्हणून. त्या संध्याकाळी काका आपल्या ओट्यावर बसले होते.

"घेऊ नको," काका म्हणाले. "येडा झालास का? चार दिवस मिरवशील आनि मंग बसशील खाडीकडे बघत."

"तुला दिली असती तर?"

"मला कोन देतंय? माझं थोबाड बघून घोडा उधळल."

"पन दिली असती तर?"

काका विडी विझवून उठले. "तर मी बी घेतली असती, मेल्या," ते म्हणाले, आणि घरी गेले.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, घे ना आबा. मी काही विचार केला नव्हता. मला एवढंच हवं होतं की टीव्हीकडे बोट दाखवून कुणालातरी सांगता यावं, हा माझा बाप.

शूटिंगला तू आईला आणि मला बोलावलंस. दिवसाचा उजेड असून आत दिवे होते. तू रांगेत उभा आहेस, पंचवीस काळ्यांतला एक, आणि तुला कळू नये म्हणून काका मागून चालत येतात. तुला सगळं माहीत आहे, तरी तुझे खांदे ताठ होतात. काका गाठ सोडतात. गाठ लवकर सुटत नाही, ते पुटपुटतात, "कोनी बांदली रे ही," आणि दिग्दर्शक ओरडतो, कट. पुन्हा. फडकं खाली येतं. तुझं वाक्य एवढंच, "आता मला पाहून ठेवा." ते तू बरोबर म्हणतोस, पण जमिनीकडे बघून. इतके महिने तुला एकच शिकवलं होतं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. समोर बघा दादा, समोर, दिग्दर्शक सांगायचा. तू समोर बघायचास आणि नजर घसरायची. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. राजाचं काम करणारा नट पंख्यासमोर जाऊन बसला. शेवटी दिग्दर्शकानं आईला विचारलं, मावशी, तुम्ही इथे उभ्या राहाल का, कॅमेऱ्याला लागून? आई पदर सावरत दिव्यांमध्ये गेली. तू वर पाहिलंस.

"आता मला पाहून ठेवा."

तो भाग लागला तेव्हा आपल्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी वाडी आली होती. तू पडद्यावरून थेट आमच्याकडे बघत होतास, आणि आईनं मान खाली घातली. पोरांनी नाक्यावर तुझा बॅनर लावला. फोटोत तुझ्या कपाळावर नसलेला टिळा त्यांनी काँप्युटरवर काढला होता. चार भागांनंतर तू मेलास, राजाच्या मांडीवर, हात न टेकता, कारण तुला झोपवूनच ठेवलं होतं. बॅनर अजून नाक्यावर होता.

मग तू घरी बसलास. मागच्यासारखाच ओट्यावर. लोक येता-जाता म्हणत, काय शिपाई, पुढची मालिका कुठली? तू म्हणायचास, बोलणी चालू आहेत. एका सोमवारी तू सांगितलंस की गोखिवऱ्याला एका कंपनीत वॉचमनची जागा मिळाली. खाकी शर्ट आणलास. आई डबा द्यायची. सकाळी जायचास, संध्याकाळी यायचास. मालिका चालूच होती, पण आता आपल्याकडे ती कुणी लावायचं नाही. म्हणजे मी लावायची नाही. आई भाकरी थापताना लावायची, आवाज बंद करून. मला वाटायचं, तिला चित्रांची सवय झाली आहे. नंतर मालिका संपली. त्याच महिन्यात तू म्हणालास, कंपनी बंद पडली. मी तेव्हा हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी तू गेलास.

काल दुपारी. तुझ्या मरणाला आता महिना उलटलाय, दुपारच्या मालिकेतल्या मरणाला. मला वाटलं होतं आई बघायचं सोडेल. ती खुर्चीत पुढे वाकून बसली होती. तटावरून काळी माणसं उतरली, तलवारी झाल्या, आणि आईनं बोट केलं.

"तो बघ. खांबाशी."

मी हळूच म्हणाले, "आई, आबा नाही तो. आबाचं काम संपलं ना मागेच? मांडीवर डोकं ठेवून?"

"ते वरचं संपलं," आई म्हणाली. "हे खालचं."

मला वाटलं, आता हे पण सुरू झालं. डॉक्टरांना विचारायला हवं. मी रिमोट उचलला. खांबाजवळच्या माणसाला भाला लागला. त्यानं डावा हात टेकला, मग अंग सोडलं.

मी बसले, आबा.

जाहिराती लागल्यावर आईनं सांगितलं. ती पडद्याकडेच बघत होती. फडक्याखाली कोण आहे ते कोण बघतो. ड्रेसदादानं डोळेझाक केली. तू खाकी शर्ट घालून निघायचास, सेटच्या मागे काकांच्या पिशवीत तो ठेवायचास, आणि काका तुझ्या तोंडाला फडकं बांधायचे. "त्यानंच सोडलं हुतं, त्यानंच बांदलं," आई म्हणाली. तुझ्या दहाव्याला काकांनी तिला हे सांगितलं, आणि रडले. पण तिला ते सांगावं लागलं नव्हतं.

"तुला आधीच माहीत होतं?"

"टीवीत दिसत हुता की रोज. आनि कानामागं काळं असायचं. वाचमनच्या कानाला काळं कशाला लागंल?"

"मग बोलली का नाहीस त्याला?"

"तो बोलला नाय." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "बॅनर हुता ना नाक्यावर. पोरीचं कॉलेज हुतं. त्यानं खाली उतरून काम केलं, ते बी लपून. मी बोलले असते तर ते बी गेलं असतं त्याचं."

मग भाग पुन्हा सुरू झाला आणि ती म्हणाली, "सरक, दिसत नाय."

रात्रभर नाही, पण बराच वेळ मी त्या पथकाच्या पायऱ्या मनात चढत-उतरत राहिले. वर जायचे नियम तू मला सगळे सांगितले होतेस. खाली येण्याचा एकही नव्हता, कारण तसं कुणी येत नसावं. चेहरा मिळाल्यावर तो स्वतःहून झाकून पुन्हा पंचविसात उभं राहायचं, रोज मरायचं आणि घरी येऊन गेटवरच्या ट्रकांबद्दल बोलायचं. तू त्या ट्रकांबद्दल किती बोलायचास. एका ड्रायव्हरला तू नावसुद्धा दिलं होतंस. त्याची बायको बाळंत झाली तेव्हा आईनं त्याच्यासाठी डिंकाचे लाडू दिले होते. ते कुणी खाल्ले, आबा? काकांनी?

चेहऱ्याचा भाग मी परत पाहिलेला नाही. दुपारी तो लागून गेला तेव्हा मी कॉलेजातच थांबले. त्यात तू थेट बघतोस, आणि मला माहीत आहे की तू माझ्याकडे बघत नाहीस, आईकडे बघतोस. पण आजपासून मी तास बदलून घेतला आहे. मालिका संपायला अजून बरेच भाग आहेत, आणि आईचा एक डोळा अधू आहे. दोघी मिळून शोधलं तर तू सुटणार नाहीस.

हे लिहून झालं की मी फाडणार आहे, कारण आईनं वाचलं तर तिला एक गोष्ट कळेल. एका संध्याकाळी तू कंपनीतून आलास आणि मोरीत तोंड धुवायला वाकलास. मी मागे टॉवेल घेऊन उभी होते. तुझ्या उजव्या कानामागे काळं होतं, बोटभर. तू टॉवेल घेतलास, पुसलंस, ते गेलं नाही. मी आत गेले, खोबरेल तेलाची बाटली आणून मोरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि, ते काळं कशाचं हे स्वतःलाही न विचारता, अभ्यासाला बसले. आईला वाटतं, ती बाटली तिथे तूच ठेवली होतीस.